लाल लाखेचा कागद

मोझेल गेदर हट्टी बाई होती. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गेल्यापासून चर्चमध्ये जो तो 'किती गोड बाई होती हो' म्हणून डोळे पुसतो आणि मला ते ऐकवत नाही. गोड कसली? पर्सिमनचं कच्चं फळ खाऊन बघा, तोंड आवळून येतं, तसली गोड. तिच्या कुंपणाला कुंपण लावून मी उभा जन्म काढला, मला विचारा.

टेकडीवर कॉलेज आणि टेकडीखाली आमची वस्ती. वरच्यांचे शर्ट खाली यायचे आणि इस्त्री होऊन परत वर जायचे. मी धुवायची, मोझेल इस्त्री करायची. कॉलरला ती अशी धार आणायची की प्रोफेसर लोक मान वळवताना जपून वळवायचे. तिचा नवरा रूफस लाकडाच्या गिरणीत कामाला होता, तो लवकर गेला. एकुलती लेक बर्निस, ती लग्न करून डेट्रॉइटला गेली आणि तिकडचीच झाली. मागं राहिलो आम्ही दोघी, सकाळी भांडायचं आणि संध्याकाळी एका पायरीवर बसून शेंगा सोलायच्या.

तिच्या जिभेचा एक नमुना देते. आमच्याकडं दक्षिणेत गोरे लोक म्हाताऱ्या काळ्या बाईला नावानं हाक मारतात, नाहीतर 'आंटी' म्हणतात. मिसेस म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. एकदा डीनची बायको गाडीतनंच ओरडली, "आंटी, शर्ट झाले का?" मोझेल शांतपणे पायरी उतरून गेली आणि म्हणाली, "मॅडम, मला भाचे चार आहेत. त्यातला एकही तुमच्या घरात जन्मल्याचं आठवत नाही." आणि शर्टांचा गठ्ठा न इस्त्री करता तिच्या मांडीवर ठेवून आली. महिनाभर वरचं काम बंद पडलं. माझंही पडलं, कारण धुणं आणि इस्त्री जोडीनंच यायची. मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर अशा बाईच्या घरात एक गोधडी होती. गोधडी म्हणजे पुरी गोधडी नव्हे, नुसता वरचा पदर. कापडाचे सहा कोनी तुकडे एकमेकांना शिवलेले, खाली ना कापूस ना अस्तर. असे तुकडे करताना आमच्याकडं कागदाचा साचा कापतात, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालतात, मग तुकड्याला तुकडा जोडतात. सगळं जोडून झालं की टाके उसवून कागद काढून टाकायचे आणि मग कापूस भरायचा. या पदरातले कागद कुणी कधी काढलेच नाहीत. त्यामुळं तो उचलला की वाळल्या पानांसारखा कुरकुरायचा. घरात मूल जन्मलं की घटकाभर त्यावर ठेवायचं आणि माणूस गेलं की घटकाभर त्यावर घालायचं, एवढ्यापुरताच तो पेटीबाहेर यायचा. बर्निसला त्यावर ठेवली तेव्हा मी तिथं होते. रूफसवर घातला तेव्हाही होते.

तो पदर मोझेलच्या आजीनं केला होता. व्हेनीआजी. मी लहान असताना ती होती, ओसरीवर पाइप ओढत बसलेली, आणि आम्हा पोरींना बसवून एकच गोष्ट सांगायची. गुलामगिरीच्या काळात, ती एकोणीस वर्षांची असताना, तिला कॉलेजच्या पहिल्या अध्यक्षांच्या, डॉक्टर थ्रॅशरच्या घरी आणून उभी केली. डॉक्टरनं टेबलावर एक कागद ठेवला, मेणबत्तीवर लाल लाख धरली, कागदावर ओतली आणि वरनं ठसा दाबला. व्हेनी दाराशी उभी राहून बघत होती. तिला अक्षर कळत नव्हतं, कळू देतच नव्हते, पण एवढं तिला कळलं की त्या कागदामुळं आपण याचे झालो.

पुढं मालकिणीनं तिला शिवायला बसवली. साच्यांसाठी कागद हवेत म्हणून डॉक्टरच्या खोलीतल्या रद्दीची टोपली आणून तिच्यापुढं ओतली. त्या रद्दीत व्हेनीला लाल लाख दिसली. तिनं काय केलं? मालकीण पाठमोरी झाल्याबरोबर आधी तोच कागद घेतला, कात्रीनं त्याचे सहा कोनी तुकडे केले, आणि एकेका तुकड्यावर कापड चढवून शिवून टाकले. गोष्ट इथवर आली की व्हेनीआजी पाइप काढायची आणि म्हणायची, "कागदच नाही तर विकणार कशी? मी त्या दिवशी सुटले. सरकारला नंतर सुचलं." मालकिणीनं नंतर कितीदा तरी विकायची धमकी दिली, आणि ही आपली मान खाली घालून मनात हसायची. गुलामांची सुटका झाली तेव्हा सगळ्यांनी भांडी नेली, कोंबड्या नेल्या. हिनं तेवढा पदर बगलेत मारला आणि टेकडी उतरली.

मोझेलला पैसा नव्हता, शाळा चार बुकांची, पण ही गोष्ट होती. तिचा सगळा ताठा त्या पेटीत होता म्हणा ना.

मग डॉक्टर थ्रॅशरच्या घराण्यातली शेवटची म्हातारी वारली आणि त्यांच्या ट्रंका कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्या. तिथं मिस कॅथलीन ऑगलट्री म्हणून एक गोरी बाई होती, पन्नाशीची, बिनलग्नाची, बुटाचे बंद कायम सुटलेले. ते सगळे कागद लावायचं काम तिच्याकडं. घरच्या कागदांची एक रांग, कॉलेजच्या कागदांची दुसरी. लावता लावता तिला मालकिणीनं कुठंतरी लिहिलेलं सापडलं, की डॉक्टरची रद्दी व्हेनीला ठिगळकामाला दिली. झालं, बाईसाहेब टेकडी उतरून आल्या.

दारात उभी राहून म्हणाली, "मिसेस गेदर आहेत का?"

मोझेलनं इस्त्री उभी करून ठेवली. मी ओसरीवर होते, माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. गोऱ्या बाईच्या तोंडून आमच्यातल्या कुणाला मिसेस म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, "गोऱ्या बाईनं मिसेस म्हटलं की आधी पाकीट चाचपावं."

"माझ्या पाकिटात आहे काय?" मोझेल म्हणाली.

"पेटीत आहे ना."

"पेटी तिला मिळायची नाही. सांगितलं मी तसं."

ऑगलट्री बाईही चिवट. येत राहिली. कधी शर्ट घेऊन, कधी नुसतीच. गोड चहा प्यायची, रताळ्याची पाई खायची, पेटीकडं लांबनं बघायची आणि जायची. एकदा तिनं सांगितलं, टाके उसवले तर कापड तुमचंच राहील, मला नुसते कागद हवेत. मोझेल म्हणाली, "त्यातला एक कागद तुमच्या अध्यक्षाला मिळू नये म्हणून तर तो आत आहे." बाईनं पुन्हा तो विषय काढला नाही. तेवढं बरं वाटलं मला तिचं.

आणि मग ती पितळी पाटी आली.

कॉलेजचा कसलासा मोठा वाढदिवस होता. प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर डॉक्टर थ्रॅशरची पाटी बसवायची ठरलं. पाटीवरचा मजकूर आधीच गावच्या पेपरात आला. मोझेलच्या डोळ्यांत तेव्हा पडदा आला होता, बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून पेपर मी वाचून दाखवायची. विद्वान होते, धर्मपरायण होते, हे सगळं तिनं निमूट ऐकलं. मग पुढचं वाक्य आलं. 'आपल्या चाकरांना त्यांनी लेकरांसारखं वागवलं, आणि आयुष्यात कधी माणूस विकत घेतला नाही.'

"परत वाच," मोझेल म्हणाली.

मी परत वाचलं.

"वडिलोपार्जित होते म्हणे सगळे," मी म्हटलं. "मिळाले म्हणून ठेवले. त्यांच्यात असंच सांगतात."

मोझेल उठली, पेटी उघडली आणि पदर काढून टेबलावर टाकला. "लूडी, जा. त्या ऑगलट्रीला बोलाव. म्हणावं कात्री घेऊन ये."

मला काही हे पटलं नाही. मी म्हटलं, "मोझेल, झाकली मूठ आहे. झाकलीच राहू दे. आत काय आहे ते तू बघितलंयस का? तुझ्या आईनं बघितलंय का?"

"व्हेनीआजीनं बघितलंय."

"तिला वाचता येत नव्हतं गं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी टोपी घातली आणि टेकडी चढायला लागले.

टाके उसवायला आम्ही तिघी बसलो. ऑगलट्री बाईच्या हाताला शिवणाची सवय नव्हती, पण जपून करत होती. मोझेल बोटांनीच टाका शोधायची आणि ओढायची. एकेक कागद बाहेर येत होता आणि बाई वाचत होती. जळणाच्या लाकडाचा हिशेब. कुणा पोरानं खिडकी फोडली त्याची तक्रार. डॉक्टरच्या प्रवचनाचा एक कोपरा, त्यात 'नम्रता' एवढंच शिल्लक. आम्ही हसलोसुद्धा. मग लाल लाख लागलेला पहिला तुकडा आला, आणि कुणी हसेना.

असे तुकडे गोळा करून बाईनं टेबलावर जुळवले. लाख तडकलेली होती पण ठसा दिसत होता. बाई वाकली. बघत राहिली. तिचं तोंड उतरलेलं मला आधी दिसलं. मोझेलला दिसत नव्हतं, ती वाट बघत होती.

"वाचा की," मोझेल म्हणाली.

"मिसेस गेदर, हे लॅटिन आहे." बाई खुर्चीवर बसली. "हा पदवीचा कागद आहे. एका विद्यार्थ्याचा. त्याचं नाव कॉलेजच्या नोंदींत आहे, त्यानं प्रार्थनामंदिराच्या माळ्यावर गाय चढवली होती म्हणून त्याला पदवीदानाच्या आधी काढून टाकलं. त्याचा कागद रद्दीत गेला. लाख कॉलेजच्या सगळ्याच कागदांवर असते."

माझा स्वभाव असा की अशा वेळी मला गप्प राहता येत नाही. मी म्हटलं, "बघ मोझेल, यांच्या कॉलेजनं आमच्या पोरांना आत्ता कुठं दार उघडलं, आणि व्हेनीआजी शंभर वर्षांपूर्वीच पदवी घेऊन बसली होती."

मोझेल हसली नाही. तिनं हात पुढं करून ते तुकडे चाचपले, लाखेवरनं अंगठा फिरवला. मग विचारलं, "म्हणजे तिचा कागद तिनं कापलाच नाही?"

"नाही," बाई म्हणाली.

"म्हणजे तो होता. सगळा वेळ होता. त्यांना वाटलं असतं तर कधीही काढून तिला विकली असती. आणि ती बिचारी मनात हसत होती."

ऑगलट्री बाई कागद गोळा करून गेली. नंतरचे बरेच दिवस मोझेलनं इस्त्री पेटवली नाही. मी मक्याचा पाव आणि कोलार्डची भाजी नेऊन ठेवायची, ती दोन घास खायची आणि म्हणायची, "तू सांगत होतीस." हे तिच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा मला रडू आलं. मीच तिला म्हटलं, भांड की गं माझ्याशी.

पाटी बसवायला थोडेच दिवस उरले असताना ऑगलट्री बाई परत आली. शर्ट आणले नव्हते. बसली नाही, चहा नको म्हणाली. पिशवीतून एक पाकीट काढलं आणि त्यातून एक कागद. अख्खा, कुठं चुरगळलेलासुद्धा नाही, खाली लाल लाख.

"घरच्या कागदांत मी उगाच शोधत होते," ती म्हणाली. "तो तिथं असणारच नव्हता. डॉक्टरांनी व्हेनीला स्वतःच्या पैशानं घेतलंच नाही. कॉलेजच्या पैशानं घेतलं, कॉलेजच्या नावावर, आणि घरी कामाला ठेवलं. हा कॉलेजच्या कागदांत होता. जळणाच्या करारांच्या मध्ये."

"वाचा," मोझेल म्हणाली.

बाईनं वाचलं. व्हेनी नावाची मुलगी, वय सुमारे एकोणीस, अंगानं धडधाकट, शिवणकामात हुशार. तिच्यावर आणि तिला पुढं होईल त्या सगळ्या संततीवर कॉलेजचा कायमचा हक्क.

"संततीवर," मोझेल म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझी आई. म्हणजे मी."

बाईनं मान हलवली. मग कागद टेबलावर ठेवला, मोझेलच्या हाताशी. "कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं आहेत. हा मी कुणालाही अजून दाखवला नाही. दाखवला तर काय होईल मला माहीत नाही, पाटी ओतून झाली आहे आणि कॉलेज चालवणाऱ्या मंडळाला हे आवडणार नाही. पण तुमच्या आजीची इच्छा काय होती ते मला माहीत आहे. मी गाडीत जाऊन बसते. तुम्हाला काय करायचं ते करा, मी विचारणार नाही." आणि ती खरंच बाहेर गेली, बुटाचा बंद लोळवत.

मी शिवणाच्या टोपलीतली कात्री काढून मोझेलच्या पुढं ठेवली. "काप," मी म्हटलं. "तिला जमलं नाही ते तू कर. सहा कोनी काप, नाहीतर चुलीत घाल. पण आज हा संपव. त्यावर तुझंसुद्धा नाव आहे."

मोझेलनं कात्री उचलली. कागद डाव्या हातात धरला, कडेवरनं बोटं फिरवली, अगदी कापायच्या आधी कापड चाचपतात तशी. मला वाटलं आता कापते. मी मनात म्हणत होते, काप बाई, काप.

तिनं कात्री खाली ठेवली.

"आजी, मला क्षमा कर," ती म्हणाली. मला नाही, व्हेनीआजीला. मग माझ्याकडं वळली. "तिनं खरोखर हाच कापला असता ना लूडी, तर त्या पितळेवर लिहिलंय तेच खरं ठरलं असतं. माझ्याकडं काय उरलं असतं? एक गोष्ट. काळ्या म्हातारीनं पोरींना सांगितलेली. तिची चूक झाली म्हणून हा राहिला. आता मी शहाणपणानं फाडू?"

"मग तो त्यांच्या कपाटात जाईल. त्यांच्याच."

"जाऊ दे. जळणाच्या करारांत नको, वर ठेवायला सांगेन. आणि त्या पाकिटावर तिचं नाव घालायला सांगेन, डॉक्टरचं नव्हे."

मग ती रडली. इतकी वर्षं मी तिच्याशेजारी राहिले, रूफस गेला तेव्हासुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती. टेबलावर डोकं ठेवून रडत होती आणि म्हणत होती, "शिवणकामात हुशार. बघितलंस का, मेल्यांना तेवढं कळत होतं." मी तिची पाठ थोपटत बसले. मग गाडीपाशी जाऊन काचेवर टकटक केलं आणि बाईला म्हटलं, चला, कागद न्या आणि काय ते भांडा.

ती भांडली. वर काय झालं ते मला पुरतं माहीत नाही, ती सांगायची नाही. एवढं कळलं की कुणीतरी तिला म्हणालं, कागद चुकून तिथं आला असेल, आणि ती म्हणाली, मग चुकून तुम्ही पाटी लावा आणि मी चुकून पेपरात देते. समारंभ पुढं ढकलला. शेवटी झाला, थोडक्यात, बँड न लावता.

मोझेल म्हणाली मला पाटी बघायचीय. कसली बघणार, तिच्या डोळ्यांना माझं तोंडसुद्धा धुरकट दिसायचं. तरी आम्ही चर्चचे कपडे घातले, टोप्या घातल्या आणि टेकडी चढलो. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या दारानं नव्हे, समोरनं. कुणी अडवलं नाही. एक पोरगा वही घेऊन जात होता, आमच्यातलाच, त्यानं दार धरून ठेवलं.

पाटी चकचकीत होती. मी वाचायला लागले, विद्वान होते, धर्मपरायण होते. मोझेलनं मला थांबवलं आणि स्वतः हात लावून वरनं खाली येत गेली. अक्षरं संपली तिथं खाली एक पट्टा होता. नवी पाटी ओतायचा खर्च नको म्हणून त्यांनी ते वाक्य घासून काढलं होतं, आणि घासलेली जागा बाकीच्या पितळेसारखी गुळगुळीत झाली नव्हती. दुसरं काही तिथं लिहिलंही नव्हतं.

मोझेलचं बोट त्या खरबरीत जागेवर थांबलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं ते हळूहळू नेलं, परत आणलं.

"हे आमचं," ती म्हणाली.

मी तिला बसायला बाक दाखवला, पण ती बसली नाही. बराच वेळ तिथंच हात ठेवून उभी राहिली, आणि मी तिची टोपी आणि पर्स धरून तिच्या शेजारी उभी राहिले.